विहीणबाईंचं यॉर्कशर

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत परदेशातल्या वंशावळींवर आलेला लेख वाचला. इंग्लंडमध्ये सगळी जुनी कागदपत्रं संगणकावर आहेत, घरबसल्या बटण दाबलं की सात पिढ्यांची नावं समोर येतात, असा त्याचा सूर होता. लेखकाने ते बटण स्वतः दाबून पाहिलेलं दिसत नाही. मी पाहिलं आहे. गेली चार वर्षं पाहते आहे. म्हणून हे पत्र. लांबलं तर क्षमस्व.

आधी माझा संबंध सांगते. मी ठाण्याची. एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत रक्ताचे नमुने तपासण्यात एकतीस वर्षं गेली, आता निवृत्त आहे. चिरंजीव लँकेस्टरला असतात, सून तिथलीच. त्यामुळे वर्षातले पाचसहा महिने माझा मुक्काम तिथे असतो. नातवाला शाळेतून घराण्याचा वृक्ष काढून आणायला सांगितलं. आमच्या बाजूचं काम दहा मिनिटांत झालं, कारण सासरच्यांचा कुलवृत्तांत छापलेला आहे, जाडजूड, मूळ पुरुषापासून. (त्यात सुनांच्या माहेरची आडनावं नीट दिलेली नाहीत आणि मुलींच्या पुढे नुसती 'कन्या' एवढीच नोंद, ते राहू द्या.) अडलं ते सुनेच्या बाजूला. तिच्या आईला, म्हणजे आमच्या विहीणबाईंना, आजोबांच्या पलीकडे एक नाव सांगता येईना. "आम्ही डेंटचे. कायमचे डेंटचे," एवढंच त्या ठासून सांगायच्या.

नातवाने वहीत लिहिलं, 'डेंट, कंब्रिया'. विहीणबाईंनी ती वही हातात घेतली, पेन मागितलं आणि 'कंब्रिया' खोडून 'यॉर्कशर' लिहिलं. पोराच्या शाळेतल्या बाईंनी ते पुन्हा लाल शाईने दुरुस्त करून पाठवलं. माझ्या संशोधनाची सुरुवात त्या लाल शाईपासून झाली.

दोघीही बरोबर होत्या, हे कळायला मला दोन महिने लागले. डेंट हे इंग्लंडच्या उत्तरेला डोंगरांच्या कुशीतलं लहानसं गाव. गोट्यांची फरसबंदी केलेला अरुंद रस्ता, एक देऊळ, म्हणजे चर्च, आणि त्याच्या समोर शॅपच्या गुलाबी ग्रॅनाइटचा एक अनघड दगड. त्यावर अॅडम सेजविक यांचं नाव आणि १७८५–१८७३ ही सालं, बस. हे मोठे भूगर्भशास्त्रज्ञ, डार्विनचे शिक्षक, याच गावच्या पाद्र्याचे चिरंजीव. तर हे डेंट, शेजारचं सेडबर आणि गार्सडेल अशा तीन पॅरिशींचं, म्हणजे चर्चच्या हद्दीवरून पडलेल्या गावांचं, मिळून 'सेडबर रूरल डिस्ट्रिक्ट' होतं. १८९४ च्या कायद्याने इंग्लंडभर अशी ग्रामीण डिस्ट्रिक्टं झाली. आपल्याकडच्या माणसाला सांगायचं तर पंचायत समितीसारखी: विहिरी, गटारं, कचरा, घरकुलं यांचा कारभार बघणारी. सेडबरचं हे डिस्ट्रिक्ट होतं यॉर्कशरच्या वेस्ट रायडिंगमध्ये, म्हणजे पश्चिम भागात. १ एप्रिल १९७४ ला नव्या कायद्याने देशातली सगळी रूरल डिस्ट्रिक्टं एका रात्रीत मोडीत निघाली आणि ही तीन गावं कंब्रिया नावाच्या नव्या काउंटीत गेली. ते कंब्रियाही २०२३ मध्ये कारभारापुरतं मोडलं, आता पत्ता 'वेस्टमोरलंड अँड फर्नेस'. गंमत म्हणजे डेंट यॉर्कशर डेल्स राष्ट्रीय उद्यानात मात्र १९५४ पासून आजतागायत आहे. म्हणजे डोंगर यॉर्कशरचे, घरपट्टी दुसऱ्यांची.

विहीणबाईंचा जन्म १९५१ चा, रूरल डिस्ट्रिक्ट कौन्सिलने बांधलेल्या भाड्याच्या घरातला. त्यांच्या दाखल्यावर यॉर्कशरच आहे. एप्रिल १९७४ मध्ये त्या तेवीस वर्षांच्या होत्या, लग्न होऊन लँकेस्टरला आलेल्या. "मी माहेर सोडून आले, आणि मागून माहेरच दुसऱ्याला देऊन टाकलं," असं त्या म्हणतात. मला हे नवीन नव्हतं. माझं सासर कुडाळ तालुक्यातलं. सासऱ्यांचा जन्म सावंतवाडी संस्थानातला, नवऱ्याच्या शाळेच्या दाखल्यावर जिल्हा रत्नागिरी, आणि १ मे १९८१ पासून आम्ही सिंधुदुर्गवासी. घर तेच, आंबा तोच, चुलीचा दगडही हललेला नाही.

पण फरक असा की आपल्याकडे जिल्हा मोडला तरी एकच जुना जिल्हा धुंडाळावा लागतो. डेंटचं तसं नाही. आपल्या लेखाने नेमकी इथेच वाचकांची दिशाभूल केली आहे असं माझं म्हणणं आहे. गाव कुठलं, हे विचारून तिथे भागत नाही. त्या साली, त्या कामासाठी, ते गाव कोणाच्या ताब्यात होतं हे विचारावं लागतं. चर्चच्या जुन्या नोंदवह्या पाहायच्या तर केंडल. १८५८ पूर्वीची मृत्युपत्रं पाहायची तर प्रेस्टन, म्हणजे लँकेशरचं दप्तर. का, तर मृत्युपत्रं तेव्हा चर्चच्या न्यायालयात सिद्ध व्हायची आणि डेंट हे रिचमंडच्या आर्चडीकनच्या, म्हणजे बिशपच्या हाताखालच्या धर्माधिकाऱ्याच्या, पश्चिमेकडच्या हद्दीत मोडायचं. त्या पश्चिम भागाचं सगळं दप्तर प्रेस्टनला जाऊन पडलं. आणि जमिनीची खरेदीखतं? ती वेकफील्डला, कारण वेस्ट रायडिंगचं स्वतःचं नोंदणी कार्यालय १७०४ ते १९७० असं अडीचशेहून अधिक वर्षं तिथे चाललं. हजार-दोन हजार वस्तीचं एक खोरं आणि त्याचे कागद तीन दिशांना. यातलं काही संगणकावर आलं आहे, बरंच आलेलं नाही.

मी नोकरीच्या सवयीने वही घातली. प्रत्येक नमुन्यावर चिठ्ठी: कुठून घेतला, कधी, कोणी. विहीणबाई आधी हसल्या. मग त्याही वही घेऊन येऊ लागल्या. गुरुवारी आम्ही दोघी डबा घेऊन निघायचो. त्यांचं चीजचं सँडविच, माझी थालीपिठं, आणि अदलाबदल ठरलेली.

आता आमची चूक सांगते, कारण लेखात चुका कोणाच्याच होत नाहीत असं दिसतं. एका संकेतस्थळावर पैसे भरले तर तयार वृक्षच मिळाला. विहीणबाईंचे खापरपणजोबा, जन्म १८३१ च्या सुमाराचा, यांना कोणा अनोळखी माणसाने एका खात्यापित्या जमीनदाराच्या पोटी नेऊन बसवलं होतं, आणि त्याच्यावरून पुढे कित्येकांनी डोळे मिटून तेच उतरवलेलं. विहीणबाई दोन दिवस हवेत होत्या. मला खटकलं ते एवढंच की वृक्षाला एकही दाखला जोडलेला नव्हता. आम्ही मृत्यूचा एक दाखला मागवला, तो त्याच नावाच्या दुसऱ्याचाच निघाला. डेंटमध्ये आडनावं मोजकी आणि पोरांची नावं त्याहून मोजकी. आमच्याकडे वाडीत चार सावंत, चौघांची नावं आजोबांवरून ठेवलेली, तसा प्रकार. डेंटमध्ये माणूस ओळखायचा तो शेताच्या नावावरून. गाव एकवट नाही, खोऱ्यात घरं विखुरलेली, प्रत्येक घराला नाव. हे एकदा ध्यानात आलं आणि आम्ही माणूस शोधायचं सोडून घर शोधायला लागलो. त्या दिवसापासून गाडी पुढे सरकली.

खापरपणजोबांचा लग्नाचा दाखला मिळाला, १८५८ चा. त्यात वधू आणि वर दोघांच्या वडिलांचं नाव आणि धंदा लिहायचा रकाना असतो. आईचा रकानाच नव्हता. तो इंग्लंडमध्ये आला मे २०२१ मध्ये, एवढ्या उशिरा. (आपल्याकडेही सरकारी कागदावर नावानंतर आईचं नाव लिहायचा नियम १ मे २०२४ चा, तेव्हा कोणी कोणाला हसू नये.) तर वधूच्या बापाचं नाव होतं. वराच्या बापाच्या जागी शाईची एक आडवी रेघ.

मी प्रयोगशाळेत असते तर 'नमुना अपुरा' असं लिहून पुढे गेले असते. विहीणबाई मात्र त्या रेघेकडे बराच वेळ बघत होत्या. "विसरले असतील," त्या म्हणाल्या. मी काही बोलले नाही.

केंडलला चर्चची नोंदवही पाहिली. १८१३ पासून बाप्तिस्म्याच्या वह्या छापील आहेत, एका पानावर आठ नोंदी, आईबापांची नावं, राहण्याचं ठिकाण, बापाचा धंदा. आमच्या पोराच्या नोंदीत आईचंच नाव. आणि धंद्याच्या रकान्यात पाद्रीबुवांनी लिहिलेलं: अविवाहित स्त्री. म्हणजे तेच तिचं काम, असं समजायचं. राहण्याचं ठिकाण म्हणून खोऱ्याच्या वरच्या अंगाचं एक शेत.

त्यावर १८४१ ची खानेसुमारी काढली. तिथे तिचं वय २५ आणि मुलगा १०. माझ्या पोटात धस्स झालं. पंधराव्या वर्षी? रात्रभर तोच विचार. दुसऱ्या दिवशी तिथल्या दप्तरखान्यातल्या मुलीने समजावलं की १८४१ मध्ये गणना करणाऱ्यांना हुकूमच होता, पंधरापेक्षा मोठ्या माणसाचं वय पाचाच्या पटीत खाली आणून लिहायचं. म्हणजे २५ याचा अर्थ २५ ते २९ मधलं काहीही. मुलांची वयं मात्र खरी. १८५१ च्या गणनेत तिचं वय ३९ लिहिलं आहे. म्हणजे १८४१ मध्ये ती २९ ची, आणि मूल झालं तेव्हा अठराएकोणीस वर्षांची. संगणकावरच्या यादीत हा नियम कुठेच सांगितलेला नसतो. तिथे २५ म्हणजे २५ असतं आणि एका मुलीची गोष्ट भलतीच होऊन बसते.

१८५१ च्या त्या कागदावर आणखी एक शब्द आहे. तिचा धंदा: विणकर, हाताने पायमोजे विणणारी.

डेंटच्या विणकरांबद्दल थोडं सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्या खोऱ्यात बायका, पुरुष, पोरं सगळीच विणायची. चालताना, गुरं राखताना, शेजाऱ्याकडे गप्पा मारत बसलेलं असताना. कमरेच्या पट्ट्यात लाकडाची एक कोरीव काठी खोचायची, तिच्या भोकात एक सुई रोवायची, म्हणजे हात मोकळा आणि वेग दुप्पट. सैन्याच्या पायमोज्यांची, टोप्यांची मागणी असे. तिथल्या लोकांनी त्यांना नाव दिलं होतं 'टेरिबल निटर्स'. भयानक म्हणजे वाईट नव्हे, भयानक वेगाने विणणारे. आपण नाही का म्हणत, 'ती भयंकर छान गाते', तसंच. तशी एक काठी मी तिथल्या संग्रहालयात पाहिली. तरुण पोरं ती कोरून मुलींना द्यायची म्हणे. आमच्या पोरीला कोणी दिली होती का, ते कुठल्या दप्तरात असणार?

जुनं दप्तर चाळताना असंही कळलं की मूल बापाविना झालं की १८३४ पूर्वी पॅरिशचे अधिकारी आईला बसवून बापाचं नाव काढून घ्यायचे, माणुसकीने नव्हे, पोरगं पॅरिशच्या खर्चाने पोसावं लागू नये म्हणून. नाव मिळालं की त्या माणसाकडून हमीपत्र. तसे गठ्ठे पुष्कळ गावांत शिल्लक आहेत. आमच्या मुलीचा कागद काही त्यात मिळाला नाही. तिने नाव सांगितलं नसेल, की बापाने गपचूप पैसे दिले, की उंदराने खाल्लं. विहीणबाई म्हणाल्या, "सांगितलं नसेल. आमच्याकडच्या बायका सांगत नाहीत."

पण प्रेस्टनला तिच्या बापाचं मृत्युपत्र निघालं, १८४६ चं. लहानसा शेतकरी, स्वतःच्या मालकीची थोडी जमीन असलेला. लेकाला शेत. लेकीला, म्हणजे हिला, माडीवरची खोली ती लग्न करेपर्यंत, चुलीचा हक्क, एक बिछाना आणि घड्याळ. आणि तिच्या मुलाला, नातवाला, नाव घेऊन, पाच पौंड आणि 'माझ्या पुस्तकांपैकी त्याला हवं ते एक'. ते वाक्य मी विहीणबाईंना वाचून दाखवलं. अक्षर तसं सुबक, पण 'पुस्तक' हा शब्द लावायला मला वेळ लागला, आणि मी तो लावून होईपर्यंत त्या चष्मा पुसत होत्या.

मग परतीच्या गाडीत त्यांच्या एकदम लक्षात आलं. "म्हणजे आमचं आडनाव तिचं," त्या म्हणाल्या. खरंच होतं. ज्या आडनावाचा त्यांना एवढा अभिमान, ज्यासाठी त्या लग्नानंतरही माहेरचं आडनाव मधे लावतात, ते कुणा बापाकडून आलेलं नव्हतं. मोजे विणणाऱ्या एका बाईचं होतं ते.

ज्यांना रेघसुद्धा मिळाली नाही अशांचंही लिहिते. याच डेंटच्या खोऱ्यात सिल नावाचं एक श्रीमंत घराणं होतं, जमैकात उसाचे मळे असलेलं. १७५८ मध्ये लिव्हरपूलच्या वर्तमानपत्रात जाहिरात आली: डेंटहून थॉमस अॅन्सन नावाचा काळा माणूस पळून गेला आहे, उंची सुमारे साडेपाच फूट, वय वीस किंवा थोडं जास्त, आणून देणाऱ्याला बक्षीस. त्या माणसाबद्दलची खात्रीची माहिती आपल्याला मिळते ती एवढीच, आणि तीही त्याला पकडायला निघालेल्यांनी लिहिलेली. वंशावळीच्या छंदात मुळं, फांद्या, पानं असं बोलायची पद्धत आहे. ही जाहिरात वाचल्यापासून मला ते शब्द वापरवत नाहीत.

खापरपणजोबांचं पुढचं आयुष्य तसं सरळ. १८७१ च्या गणनेत ते रेल्वेवर मजूर आहेत. सेटल ते कार्लाइल या लोहमार्गाची कामं तेव्हा ऐन जोरात होती आणि खोऱ्याच्या माथ्यावर मजुरांच्या झोपड्यांची वस्तीच उठली होती. १८७६ च्या मे महिन्यात त्यावरून प्रवासी गाड्या सुरू झाल्या. डेंटचं स्टेशन गावापासून चार मैल लांब आणि समुद्रसपाटीपासून साडेअकराशे फुटांवर आहे, इंग्लंडच्या मुख्य मार्गांवरचं सर्वांत उंच. आम्ही तिथे उतरलो तेव्हा उन्हाळा होता म्हणे. मी खंडाळ्याचा घाट चढून वाढलेली, पण तो वारा मी कुठे अनुभवला नव्हता. विहीणबाई खाली बोट दाखवून घरं मोजत होत्या आणि मी शालीतून नुसती मान हलवत होते.

खाली काउगिल नावाची वाडी लागते. तिथल्या चर्चची कथा आपल्या वाचकांना आवडेल. त्याची कोनशिला सेजविक यांनीच १८३७ मध्ये बसवलेली. पुढे एका पाद्र्याने सरकारी कागदांत त्याचं नाव बदलून 'कर्कथ्वेट' करून टाकलं. म्हातारबुवांना ते सहन झालं नाही. केंब्रिजचे एवढे मोठे प्राध्यापक, वय त्र्याऐंशी, डोळे अधू, पण १८६८ मध्ये त्यांनी गावाच्या खऱ्या नावासाठी एक पुस्तिकाच लिहून छापली, आणि तिच्यात नावाबरोबर खोऱ्याच्या जुन्या चालीरीती, विणकाम, बोली सगळंच आलं. प्रकरण थेट पार्लमेंटपर्यंत गेलं आणि कायदा करून 'काउगिल' परत मिळालं. विहीणबाईंना ही गोष्ट तोंडपाठ आहे. नातवाच्या बाईंना पाठवायच्या चिठ्ठीतही त्यांनी ती घातली होती. चिठ्ठी सुनेने वाटेतच अडवली.

विसाव्या शतकाकडे आल्यावर वाटलं होतं की आता सोपं. उलट झालं. १९३१ ची खानेसुमारी १९४२ मध्ये आगीत जळाली. १९४१ ची युद्धामुळे झालीच नाही. १९२१ ची आणि तिच्यानंतर एकदम २९ सप्टेंबर १९३९ ची, युद्ध सुरू झाल्यावर ओळखपत्रांसाठी घेतलेली नोंद, एवढंच हाताशी. त्या १९३९ च्या नोंदीत विहीणबाईंच्या आजी आहेत. आठ गाई, लोणी काढून सेडबरच्या बाजारात विकणं, सासरे अंथरुणाला खिळलेले, हे सगळं करणारी बाई. धंद्याच्या रकान्यात: बिनपगारी घरकाम. त्या काळी घरोघरच्या बायकांपुढे हेच शब्द आहेत, पानंच्या पानं. पण एक उपयोग झाला. ती वही पुढे आरोग्यसेवेने चालू ठेवली आणि मुलींची लग्नं झाली की आडनाव खोडून वर वेगळ्या शाईने नवं लिहीत गेले. विहीणबाईंची एक हरवलेली आत्या त्या दुरुस्तीतून सापडली. आपल्या कुलवृत्तांतात 'कन्या' एवढंच लिहिणाऱ्यांनी या शाईची सोय ठेवायला हरकत नव्हती.

आणि ते रूरल डिस्ट्रिक्ट, ज्याच्यापासून सुरुवात झाली? त्या कौन्सिलच्या इतिवृत्तांना वंशावळवाले सहसा हात लावत नाहीत, कारण त्यात जन्म, लग्न, मृत्यू काही नसतं. पिण्याचं पाणी, उकिरडे, पडकी घरं आणि तक्रारी, महिन्यामागून महिने. आम्ही एका पावसाळी गुरुवारी केवळ दुसरं काही मिळालं नाही म्हणून त्या वह्या उघडल्या. तासाभराने विहीणबाई अशा मोठ्याने हसल्या की शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांनी पेन्सिल खाली ठेवली. आरोग्य निरीक्षकाने अहवाल दिला होता की त्यांच्या पणजोबांचा संडास ओढ्याच्या फार जवळ आहे, हलवावा. पुढच्या महिन्यात: हलवलेला नाही. त्याच्या पुढच्या महिन्यात: मालक म्हणतात ओढाच सरकला आहे. तीन महिने हे प्रकरण चाललं. सगळ्या शोधात पणजोबांचा आवाज ऐकू आला तो इथेच.

आपल्याकडे अलीकडे कुणबी नोंदींसाठी गावोगावच्या कोतवाल बुकांवर माणसं तुटून पडली आणि मोडी वाचता येणाऱ्यांना एकदम भाव आला, ते मी ठाण्यात असताना पाहिलं. माझी एक सूचना आहे. जिल्हे फोडताना, तालुके जोडताना जुनं दप्तर कुठल्या इमारतीत गेलं त्याचा साधा तक्ता आपल्या वर्तमानपत्राने जिल्हावार छापावा. पालघर ठाण्यातून २०१४ मध्ये वेगळा झाला, त्या आधीचे कागद पाहायला आज कोणी कुठे जायचं, हे माझ्या जव्हारच्या मैत्रिणीला तीन खिडक्यांवर तीन प्रकारे सांगितलं गेलं. इंग्लंडमध्येही कागद विखुरलेले आहेत, पण कुठे विखुरलेत ते दप्तरखान्याच्या दारातच लिहिलेलं मिळतं. मला हेवा वाटला तो त्याचा, संगणकाचा नव्हे.

येत्या महिन्यात आम्ही वेकफील्डला जाणार आहोत. ते माडीचं घर आणि शेत खापरपणजोबांच्या मामाच्या वंशाने कधी आणि कोणाला विकलं ते तिथल्या वह्यांत असायला हवं. विकणाऱ्याच्या आडनावाने यादी लावलेली आहे, आणि आडनाव तर आमच्याकडे आहे. घर आज कोणाचं आहे ते आम्ही बाहेरून पाहून आलो आहोत. माडीच्या खिडकीला निळा पडदा आहे.

पत्र मोठं आहे याची जाणीव आहे. जागेअभावी काटछाट करावी लागली तर माझ्या प्रयोगशाळेचं काढा, थालीपीठ काढा, कुडाळ काढलंत तरी चालेल. पण 'डेंट, यॉर्कशर' हे तसंच राहू द्यावं. सूनबाई हे पत्र आईला भाषांतर करून वाचून दाखवणार आहे, आणि गुरुवारी मला त्यांच्याच गाडीतून जायचं असतं.

आपली,
एक जुनी वाचक
ठाणे (सध्या मुक्काम लँकेस्टर)